खाटकाचा सासरा

दारावर दुसऱ्यांदा धडक बसली तेव्हा किलियानच्या हातातले आतडे निसटले आणि त्यात भरत आणलेला मसाल्याचा खिमा ओट्यावर पसरला. हात तसेच अधांतरी धरून तो दाराकडे पाहत राहिला.

"अहो, बघा तरी कोण आहे," आतून त्याची बायको ओटिली म्हणाली. "दार मोडेल."

कोण आहे ते किलियानला ठाऊक होते. माणसे दार ठोठावतात ती छातीच्या उंचीवर. ही धडक गुडघ्याच्या उंचीवर बसत होती.

त्याने दार उघडले. पायरीवर एक भलामोठा रानडुक्कर उभा होता. पाठीवरचा चिखल वाळून पांढरा पडला होता आणि एका सुळ्यापाशी ओकचे पिवळे पान होते. ते अडकलेले नसून मुद्दाम खोचलेले असावे, अशी शंका येत होती.

"नमस्कार, जावईबापू," डुक्कर म्हणाला. "येऊ का आत?"

किलियानने मागे हात नेऊन आतल्या खोलीचे दार पटकन ओढून घेतले. तिथे आढ्याला डुकरांच्या मांड्या टांगलेल्या होत्या, आणि पाहुण्यासमोर त्या बऱ्या दिसल्या नसत्या.

गेल्या आठवड्यात गुरांच्या बाजारातून परतताना तो धुक्यात वाट चुकला होता. आमच्या श्पेसार्टच्या जंगलात धुके उतरले की हातातल्या काठीचे टोकसुद्धा दिसत नाही. झाडे चाचपडत किलियान फिरला, दमला, रडला, आणि शेवटी एका ओकखाली बसून त्याने आजवर कापलेल्या सगळ्या डुकरांची मनातल्या मनात माफी मागितली. तेवढ्यात मागे कोणीतरी खाकरले. वाट दाखवतो, पण घरातून पहिल्यांदा जे बाहेर येईल ते माझे, अशी अट पडली. किलियानने विचारसुद्धा न करता होकार भरला. त्याची चाहूल लागली की रोज कुत्रा धावत बाहेर यायचा, आणि तो कुत्रा तसाही चोरटा होता. पण त्या संध्याकाळी चोरलेले काळीज खाऊन कुत्रा गाढ झोपला होता, आणि "ही काय यायची वेळ झाली?" असे ओरडत, हातात पळी घेऊन, सासू बाहेर आली.

किलियान त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तो शीळ घालत उठला. ओटिलीने कारण विचारले, तर हवा छान पडलीय म्हणाला. हवा काही छान नव्हती.

सासूचे नाव कुनिगुंडा. नवरा वारल्यापासून ती लेकीकडे राहत होती, आणि तेव्हापासून त्या घरात एक काम धड झालेले तिने पाहिले नव्हते. सॉसेज खारट, पाव कच्चा, चुलीत लाकूड चुकीचे, जावई झोपाळू आणि कुत्रा त्याच्यावर गेलेला. ती बोलायला लागली की एकेकाला काहीतरी काम आठवे आणि तो उठून जाई. शेवटी खोलीत ती आणि भांडी एवढेच उरत. मग ती भांड्यांना बोले.

आताही ती हात पुसत बाहेर आली.

"दार उघडं टाकून गारठा कशाला घेताय घरात, जावईबापू? कोण आलंय?"

"सासूबाई," किलियान म्हणाला, "हे... हे तुम्हाला मागणी घालायला आलेत."

कुनिगुंडाने डुकराकडे पाहिले, मग जावयाकडे, मग पुन्हा डुकराकडे.

"ओटिली," ती म्हणाली, "या दोघांतलं प्यायलंय कोण, ते बघ."

डुकराने मग सगळी हकीकत सांगितली. धुके, वाट, अट. सांगताना तो एकदाही किलियानच्या रडण्याविषयी बोलला नाही, हे किलियानने ध्यानात घेतले.

"म्हणजे पहिली मी आले," कुनिगुंडा म्हणाली.

"हो. मी कुंपणामागे होतो. तुमच्या हातात पळी होती."

"आणि तुला कोण हवं होतं? माझी लेक?"

"छे हो! खरं सांगू का? कुत्राच येणार असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो. कुत्र्याशी आपलं कसं जमणार, याचीच मला चिंता लागली होती."

ओटिलीने पदराला... म्हणजे एप्रनला डोळे लावले. "आई, तू नाही जायचं. अहो, तुम्ही बोला ना काहीतरी!"

"मी काय बोलू?" किलियान म्हणाला. "शब्द दिलाय मी. सासूबाई गेल्या तर मला का कमी दुःख होणार आहे?" त्याने डोळे पुसले. बोटांना मिरपूड लागलेली होती, त्यामुळे पाणीही चांगले आले.

कुनिगुंडाने डुकराला विचारले, "मी नाही आले, तर काय करशील?"

"काय करणार?" डुक्कर म्हणाला. "जाईन परत. जबरदस्तीने आणून संसार होतो का कुठे?"

"असं कसं, असं कसं!" किलियान घाईघाईने मध्ये पडला. "शब्द म्हणजे शब्द!"

कुनिगुंडाने जावयाच्या चेहऱ्याकडे नीट पाहिले. दुःख त्यावर होते, पण ते उकळत्या पातेल्यावर ठेवलेल्या झाकणासारखे होते. कडेकडेने आनंदाची वाफ बाहेर येत होती. मग तिने एप्रनची गाठ सोडली, त्याची व्यवस्थित घडी घातली आणि ती जावयाच्या हातात ठेवली.

"ओटिली, माझी पेटी आण."

चर्चमध्ये जायचा आग्रह डुकराचा होता. पण त्यांना येताना पाहून फादर घंटेच्या मनोऱ्यावर चढून बसले आणि खिडकीतून ओरडले, "जनावरांना आशीर्वाद जानेवारीत असतो!"

"लग्न लावायचंय, फादर!" डुक्कर खालून ओरडला.

"बाप्तिस्मा झालाय का?"

"झालाय! फार थंडी होती म्हणे! मी खूप रडलो!"

नाव न विचारता, गाव न विचारता, फादरनी वरूनच आशीर्वाद उरकला आणि पवित्र पाणी शिंपडले. वारा उलटा होता. सगळे पाणी किलियानच्या अंगावर पडले.

पेटी डुकराच्या पाठीवर बांधली आणि दोघे जंगलात गेली.

एक कोळसा पाडणारा आपली झोपडी सोडून गेला होता, तिथे डुकराने बिऱ्हाड केले होते. कुनिगुंडा उंबऱ्यावर थांबली.

"हे घर?"

"छप्पर चांगलं आहे."

"आणि ही जमीन? जमिनीला काय झालंय?"

"ती मीच खणली," डुक्कर म्हणाला. "वेळ जाईना."

तिने जमीन सारखी केली, चूल लावली, जळमटे काढली, आणि हे सगळे करताना तोंड चालू ठेवले. डुक्कर दाराबाहेर बसून ऐकत होता. त्याने आत यायचे नाही, असे तिने पहिल्याच दिवशी सांगितले आणि तो बरं म्हणाला. तो ओकची फळे, तांबूस आळंबी आणि चेस्टनट आणून पायरीवर ठेवी. ती त्यातले निम्मे किडके म्हणून फेकी. फेकलेले तो खाई. अशा रीतीने वाया काही गेले नाही.

पहिला बर्फ पडला तेव्हा तिने दार उघडले. डुकराच्या पाठीवर वीतभर बर्फ साचला होता आणि तो तसाच बसून होता.

"उगाच दारात मरून पडशील," ती म्हणाली. "मग उचलणार कोण? ये आत."

तो आत आला आणि चुलीपुढे जितका लहान होऊन बसता येईल तितका लहान होऊन बसला. त्याने निम्मी झोपडी व्यापली.

तिने सूप वाढले. तो प्यायला. आवाज असा झाला, की जणू दलदलीतून बैलगाडी ओढून काढताहेत.

"तोंड मिटून खा."

"मिटत नाही. सुळे आड येतात."

"मग निदान हळू खा."

त्याने हळू खाल्ले. आता तोच आवाज दुप्पट वेळ चालला. कुनिगुंडाने कपाळावर हात मारला आणि ओटिलीकडच्या पावाविषयी बोलायला सुरुवात केली. तो पाव कायम कच्चा कसा राहायचा, आणि त्याचे कारण भट्टी नसून ओटिलीची घाई कशी होती, हे ती सविस्तर सांगू लागली. इथपर्यंत आले की लोक उठून जात. ती सवयीने थांबली.

"मग?" डुक्कर म्हणाला.

"मग काय?"

"मग ओटिलीला सांगितलं का तुम्ही, की भट्टी ठीक आहे?"

कुनिगुंडाने त्याच्याकडे रोखून पाहिले. तो थट्टा करीत नव्हता. त्याचे कान पुढे झुकले होते.

"सांगितलं," ती म्हणाली. "पण ती ऐकेल तर ना..." आणि ती पुढे सांगत राहिली.

पुढे रोज संध्याकाळी तेच झाले. ती बोले, तो चुलीपुढे पडून ऐके, आणि ती थांबली की म्हणे, "मग?" जावई झाला, शेजारीण झाली, नवऱ्याच्या बहिणी झाल्या. नवऱ्याच्या बहिणींना बरेच दिवस लागले.

"तू जन्मापासून असाच का?" एकदा वाळके वाटाणे निवडताना तिने विचारले.

"नाही हो. मी मधमाश्या पाळायचो. बहिणीच्या लग्नाच्या दिवशी पोळं काढून तसाच चिखलाच्या बुटांनी घरात शिरलो. नवऱ्याकडची सगळी मंडळी बसलेली, खाली धुतलेली फरशी. आई म्हणाली, डुक्कर आहेस नुसता, डुक्कर! तिची जीभ जरा तशी होती. मला राग आला. दार आपटून निघालो, तर अंगणात पोचेपर्यंत चार पायांवर."

"आणि उःशाप?"

"दिला असणार. तिला लगेच वाईट वाटायचं. मागून ओरडली खरी काहीतरी. 'जोवर कोणी' इथपर्यंत ऐकू आलं. पण मी दार आपटलं होतं ना. जाड होतं दार."

"मग परत जाऊन विचारायचं, शहाण्या!"

"गेलो होतो. तेव्हा मला बोलता यायचं नाही, नुसती गुरगुर व्हायची. अंगणात डुक्कर शिरला म्हणून तिने काठी घेतली." त्याने चुलीकडे तोंड वळवले. "मला बोलायला जमेपर्यंत ती गेली."

कुनिगुंडा वाटाणे निवडत राहिली. चांगले वाटाणेही तिने कचऱ्यात टाकले. लेकीला ती गोगलगाय म्हणत असे. जावयाला तोंडावर नाही, पण माघारी रेडा. नवऱ्याला गाढव म्हणायची, शेवटच्या आजारातसुद्धा. त्यांच्यातल्या कोणाला शेपूट फुटले नव्हते, हे त्यांचे नशीब. त्या दिवसापासून तिने डुकराला, रागातही, कुठल्याच जनावराच्या नावाने हाक मारली नाही. नुसते 'अरे' म्हणू लागली.

तिने काही उपायही करून पाहिले. त्याच्या पाठीवर मीठ टाकले. त्याला शिंका आल्या. चर्चमधल्या मेणबत्तीचे मेण कपाळावर लावले. ते केसांत अडकले आणि कात्रीने काढावे लागले.

"पलीकडच्या खोऱ्यात एकीने बेडूक भिंतीवर आपटला," ती म्हणाली, "तर त्याचा राजपुत्र झाला म्हणतात."

"मला उचलणार कोण?"

तिने त्याच्या पोटाकडे पाहिले आणि तो विषय सोडला. थोड्या वेळाने, पाठ फिरवून, पातेले घासता घासता म्हणाली, "काही ठिकाणी मुका घेतात म्हणे."

"घ्यायचाय का?"

"नाही."

"बरं," डुक्कर म्हणाला.

त्या दिवशी त्याच्या सुपात एक सलगम जास्त पडले.

आणि मग एका संध्याकाळी कुनिगुंडा बोलता बोलता मध्येच थांबली.

"मग?" डुक्कर म्हणाला.

"मग काही नाही," ती म्हणाली. तिने डोके खाजवले. "संपलं सगळं."

दोघेही जरा घाबरली. चुलीत लाकूड तडतडले. मग तिने त्याला लहानपणीची एक गोष्ट सांगितली. करकोच्याच्या घरट्यात पिले किती आहेत ते पाहायला ती एकदा चर्चच्या छपरावर चढली होती, आणि वरून तिला सगळे खोरे दिसले होते, पार नदीपर्यंत. ही गोष्ट तिने आजवर कोणालाच सांगितली नव्हती, कारण तिच्यात तक्रार करण्यासारखे काही नव्हते.

गावात किलियानचे पहिले काही दिवस सुखात गेले. दुपारी जेवून तो आडवा होई आणि कोणी उठवत नसे. पण डुकरे कापायचा मोसम आला, दुकानात गर्दी झाली, आणि लोकांना तोंड फुटले.

"काय किलियान, सासरेबुवांची परवानगी घेतलीस ना?"

"ही मांडी कोणाची रे? घरातलीच?"

"अरे, आज सुतकात आहे तो. मामेसासरे वारले. कालच सॉसेज झालं त्यांचं."

पाववाल्याची बायको तर सॉसेज घेतले की त्यावर क्रूस काढून म्हणे, "देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो." हसून हसून लोक दुकानाच्या पायरीवर बसत. किलियान सुरा चालवी आणि मान वर करत नसे. घरी ओटिली त्याच्याशी बोलत नव्हती. लागेल तेवढेच बोले, तेही कुत्र्याला उद्देशून. आणि एक विचित्र गोष्ट झाली. दुपारी त्याला झोप लागेनाशी झाली. उठवायला कोणी नाही म्हटल्यावर झोपेत मजाच राहिली नव्हती.

बर्फ वितळू लागला तेव्हा ओटिली कुत्र्याला म्हणाली, "मोर्ले, सांग त्यांना, मला दिवस गेलेत. बाळंतपणाला मला आई हवी आहे."

किलियानने सगळा विचार केला. सासू परत यायची, हे तर झालेच. पण सासरा जिवंत राहिला, तर लोक काही जन्मभर सोडणार नाहीत. त्याने रानपहारेकरी लुपोल्डला गाठले. लुपोल्डकडे लांब भाला होता आणि डुकराच्या शिकारीला तयार केलेले कुत्रे होते.

दोघे झोपडीपाशी पोचले तेव्हा ऊन कलले होते. कुत्रे वास घेऊन वेडे झाले. दार उघडले आणि कुनिगुंडा बाहेर आली. आपल्या मागे तिने दार लावून घेतले आणि त्याला पाठ लावून उभी राहिली.

"कुत्रे आवरा," ती म्हणाली. "आत माणूस झोपलाय."

"सासूबाई," किलियान म्हणाला, "चला घरी. ओटिलीला दिवस गेलेत."

कुनिगुंडाचा चेहरा क्षणभर मऊ झाला. तिने तो लगेच सावरला.

"येईन. लेकीला म्हणावं, जड उचलू नकोस. आणि पाव भाजताना घाई..." ती थांबली. "काही नाही. तिला म्हणावं, आई येतेय."

"नंतर नाही, आत्ताच चला. आणि तुम्ही जरा बाजूला व्हा. लुपोल्ड बघून घेईल त्या जनावराचं."

"कुठलं जनावर?"

"आत आहे ते."

"आत माझा माणूस आहे," कुनिगुंडा म्हणाली.

लुपोल्ड हसला. किलियानलाही हसू आले. "सासूबाई, डुक्कर आहे तो!"

"नावं ठेवायला काय लागतं?" कुनिगुंडा म्हणाली, आणि हे आपल्या तोंडून निघाले याचे तिचे तिलाच आश्चर्य वाटले. "तुम्ही मला देऊन टाकलंत, जावईबापू. शिळा पाव देतात तसं. यायचं की नाही, ते त्याने माझ्यावर सोडलं. सबंध हिवाळा मी बडबडले, एकदा उठून गेला नाही. आज सकाळपासून माझ्यासाठी वाफे खणलेत त्याने, जमीन अजून दगडासारखी आहे तरी. दमून झोपलाय. माझा माणूस आहे तो. आता पुढे या आणि भाला चालवा. पण आधी मला बाजूला करावं लागेल."

कोणी पुढे आले नाही. लुपोल्ड भाल्याच्या टोकाकडे पाहू लागला.

तेवढ्यात आत स्टूल पडल्याचा आवाज आला. मग काहीतरी भिंतीवर आदळले, मग एक मडके फुटले आणि कोणीतरी "अरे देवा" म्हणाले. कुत्रे भुंकायचे थांबले. त्यांनी नाक वर करून हुंगले, एकमेकांकडे पाहिले आणि खाली बसले.

दार उघडले. कुनिगुंडा जवळजवळ मागे पडली, पण तिला कोणीतरी धरले. उंबऱ्यात एक म्हातारा उभा होता. उंच, हाडकुळा, डोक्याला टक्कल, हनुवटीला पांढरे खुंट, आणि खालचे दोन दात जरा पुढे आलेले. त्याने अंगाला तिची गोधडी गुंडाळली होती. दोन पायांची सवय राहिली नव्हती, म्हणून चौकट सोडायला तो तयार नव्हता.

"जावईबापू," तो म्हणाला, "बाहेर का उभे? आत या ना."

किलियान चिखलात बसला. लुपोल्डने टोपी काढली.

मग सगळे आत गेले, कारण दुसरे काय करायचे ते कोणालाच सुचत नव्हते. कुनिगुंडाने सूप वाढले. म्हाताऱ्याने चमचा मुठीत धरला. पहिले सूप गोधडीवर सांडले, दुसरे लुपोल्डवर. पण तोंड मात्र त्याने मिटून ठेवले होते आणि आवाज अजिबात येत नव्हता. कुनिगुंडाने दोनदा त्याच्याकडे पाहिले, सगळे ठीक आहे ना म्हणून.

किलियान बराच वेळ चुळबुळ करीत होता.

"सासरेबुवा," शेवटी तो म्हणाला, "एक विचारू का? ते बाकीचे... म्हणजे जंगलात तुमच्याबरोबर जे होते, आणि बाजारात जे येतात... त्यांच्यात आणखी कोणी तुमच्यासारखं..."

म्हाताऱ्याने मन लावून विचार केला.

"नाही," तो म्हणाला. "ते खरेखुरे डुक्कर होते सगळे."

किलियानने श्वास सोडला.

"बहुतेक," म्हातारा म्हणाला.

किलियानने चमचा खाली ठेवला.

अंधार पडायच्या आत गाव गाठायचे म्हणून दोघे लवकरच निघाले. कुनिगुंडाने वाटेपर्यंत जाऊन जावयाला सांगितले, की चेरी फुलल्या की येऊ, दोघेही येऊ, बाळंतपण उरकेपर्यंत राहू. किलियान हो म्हणाला. मग जरा घुटमळून म्हणाला, "लवकरच या, सासूबाई." या वेळी त्याच्या बोटांना मिरपूड नव्हती.

ती आत परतली. म्हातारा चुलीशेजारच्या बाकावर बसला होता, मध्यभागी, जसे कोणीतरी ठेवून दिले आहे तसा. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हते. आधी मांडीवर ठेवले, मग बगलेत घातले. कुनिगुंडाने मडक्याचे तुकडे गोळा केले. फडके धुतले, पिळले आणि पुन्हा धुतले. आपल्याच घरात ती पाहुणी असल्यासारखी हळू वावरत होती. मग पाठमोऱ्यानेच तिने टोपी काढून केस नीट केले आणि पुन्हा टोपी घातली.

"नाव काय?" तिने भिंतीकडे पाहत विचारले.

त्याला आठवायला थोडा वेळ लागला.

"वेंडेलिन."

"वेंडेलिन," ती म्हणाली. एकदाच, चव पाहावी तसे. मग हात पुसत चुलीपाशी आली आणि बाकासमोर उभी राहिली.

"अहो," ती म्हणाली, "जरा सरकता का?"

वेंडेलिनने मागे वळून पाहिले. मागे कोणी नव्हते. त्याने कोपऱ्यात पाहिले. तिथे झाडू होता. मग त्याच्या कानांचे शेंडे लाल झाले, आणि तो इतक्या लगबगीने सरकला, की मोकळ्या झालेल्या जागेत तिच्यासारख्या तिघी मावल्या असत्या.

कुनिगुंडा बसली, अगदी त्याला लागून. उरलेली सगळी जागा तिने मोकळीच ठेवली.